ज्ञानदेवांचा नातेवाईक

शहरात पाणी बंद, म्हणून गुरुवारी बिबवेवाडीतलं डायलिसिस सेंटर बंद होतं. तसा मेसेज सगळ्या रुग्णांच्या घरी सकाळीच जायला हवा होता. काहींना गेला, बाकीच्यांना नाही. सेंटरचं सॉफ्टवेअर सुरुचीने लिहिलेलं. दुपारी तिला फोन आला : ज्ञानदेव नावाचे वयस्कर रुग्ण बंद दारापाशी कोसळले, त्यांना हॉस्पिटलात हलवलंय.

चूक लगेच सापडली. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतली एकच ओळ. रुग्णाकडे नातेवाईक मागायचा, नातेवाईकाकडे फोन नंबर. ज्ञानदेवांच्या नोंदीत नातेवाईकच नव्हता, त्या जागी नल, म्हणजे काहीच नाही. नसलेल्या माणसाकडे नंबर मागितला आणि प्रोग्रॅम तिथेच कोसळला. यादीत त्यांच्यानंतरच्या कोणालाच मेसेज गेला नाही.

"मध्ये नल तपासला नाहीस?" टीम लीड केदारने विचारलं.

"नातेवाईक सगळ्यांना असतो असं धरून चालले."

"छान. जगात एकटं कोणी नसतंच."

सुरुचीने ती ओळ 'ऑप्शनल' वापरून, म्हणजे जागा रिकामी असू शकते हे धरून, नव्याने लिहिली : नातेवाईक असेल तरच त्याचा नंबर, नाहीतर रुग्णाचा स्वतःचा. एकाचं अडलं तरी बाकीच्यांचे मेसेज जातील असंही केलं. प्रोग्रॅमच्या सगळ्या टेस्ट पास होऊन हिरव्या झाल्या. तिला बरं मात्र वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली. ज्ञानदेवांच्या कपाळावर टाके होते.

"आपण कोण?"

"सेंटरचा प्रोग्रॅम मी लिहिलाय. माझ्या चुकीमुळे तुम्हाला मेसेज आला नाही."

"तिथे नातेवाईक म्हणून मुक्ताईचं नाव होतं. आमची मंडळी. वैशाखात ती गेली. तुमचे मेसेज तिच्याच फोनवर यायचे, घरात तो वाजायचा. मग मीच सांगितलं, नाव काढा."

"आता तुमच्याच फोनवर येईल, काका."

"येऊ दे. चष्मा फुटला पडताना. वाचणार कोण?"

"मी नवा आणून देते."

"नको." त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. "तुम्ही जा आता, उशीर होईल."

सुरुची तरीही बसून राहिली. भेटीची वेळ संपल्याचं नर्सने सांगितलं, तेव्हा उठली. ज्ञानदेवांना झोप लागली होती की नाही, तिला कळलं नाही.