खुडबुड्याचं जंगल

मित्रांनो, मी एक जुना पट आहे. माझ्या अंगावर एक प्राणी लपलेला आहे. त्याला आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्याचं चित्र नाही, त्याची सोंगटीही नाही. पण तो आहे, आणि दर डावाला तो नेमका एकाच घरात असतो. त्याचं नाव खुडबुड्या.

जो दिसतच नाही त्याला शोधायचं कसं, असं तुम्ही विचाराल. तेही सांगतो. पण आधी माझ्या जन्माची गोष्ट ऐका. म्हाताऱ्यांना ती सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मीही आता म्हाताराच झालो आहे.

माझा जन्म एका बाइंडरच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. एका कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, दुसऱ्या कोपऱ्यात चिकटवायच्या खळीचं पातेलं आणि पायाखाली कागदाच्या कातरणांचा खच. पाठ मोडलेली पुस्तकं शिवून पुन्हा उभी करायची, हे त्या बाइंडरचं काम. त्याला दोन मुलगे होते. शाळेला सुट्टी लागली की दोघं कारखान्यात धुडगूस घालत. एकदा धाकट्याने खळीच्या पातेल्यात पाय घातला, आणि थोरल्याने तो पाय पुसायला एका वकिलाच्या पुस्तकाची सुटी पानं घेतली. बाइंडरने कपाळाला हात लावला. या दोघांना एका जागी बसवणारं काहीतरी केलंच पाहिजे, असं त्याने त्या दिवशी ठरवलं.

त्यातून मी जन्मलो. जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले, मधे कापडी पट्टी चिकटवली. त्यामुळे मी पुस्तकासारखा उघडतो आणि मिटतो. माझ्यावर घरं आखून झाल्यावर बाइंडरने रंगांची पेटी थोरल्याच्या हातात दिली. जंगल हिरवं, दलदल तपकिरी, नदी निळी, माळरान पिवळं, खडक राखाडी. थोरला जीभ बाहेर काढून दिवसभर रंगवत बसला. धाकटा शेजारी पाण्याची वाटी धरून बसला होता. तो सारखा म्हणत होता, "दादा, कसलं भारी रंगवतोस रे तू." दादाने केलेलं सगळंच त्याला भारी वाटायचं. त्याच्या त्या शब्दांनी थोरल्याची मान कशी ताठ झाली होती, ते मला अजून आठवतं.

आता खेळ ऐका. बाइंडरने इतकी छोटी छोटी पाकिटं केली, की कशात काय आहे ते त्यालाही आठवू नये. एका पाकिटात चार चिठ्ठ्या. खेळणाऱ्याने एकेक घ्यायची, मनात वाचायची आणि कोणाला दाखवायची नाही. कोणाच्या चिठ्ठीत लिहिलेलं असे, 'खुडबुड्या जंगलात किंवा नदीत राहतो'. दुसऱ्याच्या चिठ्ठीत, 'खुडबुड्या खडकापासून लांब जात नाही'. मग एकाने एखाद्या घरावर बोट ठेवून दुसऱ्याला विचारायचं, "इथे असेल का?" आपल्या चिठ्ठीप्रमाणे असू शकत असेल तर त्याने तिथे बटण ठेवायचं, नसेल तर खडा. बटणं आईच्या शिवणाच्या डब्यातली होती आणि खडे अंगणातले. ज्या एकाच घरावर चौघांची चार बटणं पडतील, तिथे खुडबुड्या सापडला, आणि ते घर दाखवणारा जिंकला.

मित्रांनो, या खेळाची एक गंमत आहे. एकट्याने कितीही डोकं लढवलं तरी खुडबुड्या सापडत नाही, कारण प्रत्येकाला पाव गोष्टच ठाऊक असते. आणि चौघांपैकी एकाचंही उत्तर चुकलं, तर तो कोणालाच सापडत नाही.

माझे ते दिवस सोन्याचे होते. जेवणं उरकली की मला सतरंजीवर पसरायचे. आई, वडील आणि दोघं मुलगे माझ्याभोवती ओणवे व्हायचे. शेजारचे पोस्टमन एकदा सहज डोकावले आणि घरी जायचं विसरले. "असा खेळ दुकानात मिळायचा नाही," असं ते जाताना म्हणाले, तेव्हा बाइंडरने नुसती खळीची बोटं पुसली. पण त्याला आनंद झाला होता.

एकच गोष्ट मधूनमधून खटकायची. काही डावांत खुडबुड्या सापडतच नसे. सगळा पट पालथा घालून व्हायचा, चार बटणं कुठेच पडायची नाहीत. मग चिठ्ठ्या उघडायच्या, आणि घोळ दर वेळी धाकट्याचा निघायचा. "अरे, हे जंगल आहे ना? मग खडा कसा ठेवलास?" थोरला विचारायचा. धाकटा गोंधळून म्हणायचा, "चुकून." आधी सगळे हसले. मग थोरल्याने त्याचं नाव 'लबाडोबा' ठेवलं. "असू दे रे, नजर चुकली असेल," बाइंडर म्हणायचा आणि पुढचं पाकीट फोडायचा.

मी खालून बघत असे. खडा ठेवण्याआधी धाकटा पार माझ्यावर वाकायचा, डोळे बारीक करायचा, श्वास रोखायचा. खोटं बोलणारा माणूस इतकं निरखून बघत नाही. पण हे सांगणार कोण? पटाला तोंड नसतं. आज तुमच्याशी बोलतो आहे तेवढंच.

वर्षं गेली. थोरला बाइंडर झाला, त्याचं लग्न झालं. धाकट्याने घड्याळं दुरुस्त करायची कला शिकून गल्लीच्या टोकाला दुकान टाकलं. म्हातारा बाइंडर अंथरुणाला खिळला, पण हात स्वस्थ बसेनात. पडल्या पडल्या त्याने एक शेवटचं पाकीट तयार केलं. "मी गेल्यावर उघडा," तो दोघांना म्हणाला. "सगळ्यांत अवघड आहे. पण मिळून खेळलात तर सापडेल."

तो गेल्यावर, घर जरा सावरल्यावर, मला सतरंजीवर पसरलं. आई, थोरला, थोरल्याची बायको आणि धाकटा असे चौघं बसले. प्रत्येकाला आपल्या चिठ्ठीवर म्हाताऱ्या बाइंडरचं थरथरतं अक्षर दिसत होतं. डाव रंगत गेला, बटणं पडली, खडे पडले. आणि शेवटी चार बटणं पडतील असं एकही घर उरलं नाही.

वडील चुकले असतील, हे कोणाच्या मनातही आलं नाही. सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं.

"बाबांच्या शेवटच्या डावातही तुला लबाडी केल्याशिवाय राहवलं नाही," थोरला म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

धाकट्याने आपली चिठ्ठी घडी करून खाली ठेवली आणि चपला घालून निघून गेला. आईने चारही चिठ्ठ्यांवर बाहेरून ज्याचं त्याचं नाव घातलं आणि त्या न उघडता पाकिटात परत ठेवल्या. थोरला म्हणाला, "बघू तरी कोणाची चूक होती." आई म्हणाली, "डाव मोडलेला नाही, राहिलेला आहे. राहिलेल्या डावाच्या चिठ्ठ्या बघायच्या नसतात."

मग मला मिटून कपाटावर टाकलं. वर जुन्या रजया, बाजूला तुटकी छत्री. धाकटा आईला भेटायला यायचा, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा आणि चपला पायातच ठेवायचा. दोघं भाऊ एकमेकांशी पाहुण्यांसारखं बोलायचे. मला ते कपाटावरून ऐकू यायचं. माझ्या कडांना वाळवी लागली नाही, पण ते ऐकताना मी आतून पोखरला जात होतो.

पुढे घराला रंग द्यायचा म्हणून कपाट हलवलं, आणि मी थोरल्याच्या मुलीच्या हाती लागलो. दहा वर्षांची असेल. तिला घरात सगळे शंकासूर म्हणायचे, कारण तिला पडणाऱ्या शंकांना अंत नव्हता. तिने माझी धूळ फ्रॉकनेच पुसली आणि आजीला गाठलं. आजीने खेळ समजावला. काका बहुतेक जंगलाच्या घरांवर चुकायचे हे, आणि शेवटच्या पाकिटाबद्दलही सगळं सांगितलं.

शंकासूरने ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, काका किती वेळा जिंकले गं?"

आजीने आठवून पाहिलं. "छे बाई. एकदाही नाही."

"मग कसली ही लबाडी? लबाडी करणारा जिंकायला नको?"

आजीचे हात निवडायच्या भाजीत तसेच थांबले. इतक्या वर्षांत हा प्रश्न घरात कोणाला पडला नव्हता. आजीला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी शंकासूर मला काखेत मारून घड्याळांच्या दुकानात गेली. काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. मला बघताच त्यांचा चेहरा बदलला. "हे नको आणूस इथे," ते म्हणाले. पण पुतणीला नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. ती म्हणाली, "खेळायचं नाही काका. तुम्ही फक्त जंगलाच्या घरांवर बटणं ठेवा."

काकांनी भिंग पुन्हा चढवलं. जो माणूस केसाएवढा स्क्रू चिमट्याने नेमका बसवतो, तो माझ्यावर चाचपडत होता. काही बटणं जंगलावर पडली, काही दलदलीवर. मुलीने एका हिरव्या आणि एका तपकिरी घरावर बोटं ठेवली. "काका, ही दोन घरं कशी दिसतात?"

"सारखीच आहेत की. एक जरा फिकट आहे. दादाचा हात कुठे दाट लागलाय, कुठे पातळ. मी आपला अंदाजाने ओळखतो."

"मग तुम्ही हे कोणाला सांगितलं का नाही?"

काकांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं. "तुझ्या बाबाने दिवसभर बसून रंगवलं होतं गं. सगळे कौतुक करत होते. रंग नीट लागला नाही, असं मी कशाला म्हणू? त्याला वाईट वाटलं असतं."

मित्रांनो, माझ्या छातीवर आजवर हजारो बटणं पडली असतील. पण त्या एका वाक्याएवढं जड काही पडलं नव्हतं.

मुलीने घरी येऊन सगळं सांगितलं. काही लोकांना हिरवा आणि तपकिरी रंग वेगळे दिसतच नाहीत, हे शाळेत शिकल्याचंही तिने सांगितलं. थोरला प्रेसचा दांडा फिरवत होता. तो थांबला. हात धुतले. मला टेबलावर पसरलं आणि काळ्या शाईचं पेन घेऊन माझ्या प्रत्येक हिरव्या घरात एक छोटं झाड काढायला बसला. लहानपणासारखीच जीभ बाहेर आली होती.

"बाबा, थोडी मी काढू?" मुलीने विचारलं.

"नको. रंग मी दिला होता," तो म्हणाला. एक थेंब माझ्यावर पडला, शाईचा नव्हता. त्याने तो बाहीने घाईघाईने टिपला, तरी एका झाडाचा शेंडा पसरलाच. ते झाड अजून तसंच आहे.

सुट्टीच्या दिवशी तो स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन भावाला घेऊन आला. वाटेत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. धाकट्याने दारात चपला काढल्या आणि सरळ सतरंजीवर येऊन बसला, एवढं मी पाहिलं.

"बघ रे, आता झाडं दिसतात का," थोरला म्हणाला.

धाकटा पहिल्यासारखाच माझ्यावर वाकला. खूप वेळ बघत राहिला. "दिसतात. आणि दादा, रंगही तू चांगलाच दिला होतास."

"मी तुला लबाड म्हणालो रे."

"मग काय. मला असं म्हणायची दुसऱ्या कोणाची हिंमत होती का?"

आईने राहिलेलं पाकीट काढलं. ज्याची चिठ्ठी त्याला दिली. आता तिला बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून शंकासूर तिच्या कानात वाचायला बसली. डाव पहिल्यापासून मांडला. घाई कोणालाच नव्हती. शेवटी थोरल्याने एका घरावर बोट ठेवलं. माझ्या दोन भागांना जोडणाऱ्या कापडी पट्टीला चिकटून असलेलं ते घर, पट्टीखाली अर्धं दबलेलं. तिथे सहसा कोणाची नजर जात नाही. त्याने स्वतःचं बटण ठेवलं. बायकोने ठेवलं. आजीच्या वतीने शंकासूरने ठेवलं. मग सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं, आणि थोरला खाली बघू लागला.

याच घरावर धाकट्याने तेव्हा खडा ठेवला होता. आता तिथे झाड होतं, तेच, शेंडा पसरलेलं. धाकट्याने चिठ्ठी पाहिली, झाड पाहिलं, आणि चौथं बटण ठेवलं.

"सापडला," आई हळूच म्हणाली. "इथे बसवला होता होय त्यांनी." सांधा भक्कम असेल तर पुस्तकाला काही होत नाही, असं म्हातारा बाइंडर मुलांना नेहमी सांगायचा. थोरल्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तर मित्रांनो, आम्हां जुन्या पटांना फार काही लागत नाही. आमच्यावर पाण्याचा पेला ठेवू नका, उलट्या बाजूला घडी घालू नका, हरवलेल्या बटणाच्या जागी दुसरं शोधून आणा. आणि खेळता खेळता कोणाचं उत्तर जुळलं नाही, तर त्याला लबाड म्हणण्याआधी एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसा. तिथून त्याला काय दिसतं, ते विचारा.

आता मी कपाटावर नसतो, टेबलाच्या खणात असतो. दर सुट्टीला मला बाहेर काढतात. झाडं स्वच्छ दिसत असली तरी धाकटा बटण हातात घेऊन जुन्या सवयीने विचारतो, "दादा, हे जंगल ना?"

आणि थोरला दर वेळी वाकून नीट बघतो आणि म्हणतो, "हो रे. जंगलच."