छापील किंमत

राजूरच्या पेठेत दानीएलच्या मेडिकलच्या काचेवर पाटी होती: ‘छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेतला जाणार नाही.’ माणूस सरळ, पण त्या सरळपणाची मिजासही भारी. सरकारने पेनिसिलीनच्या इंजेक्शनचा भाव बांधून दिला तेव्हा या गड्याने दुकानात पेढे वाटले, आणि पहिला पेढा ठेवला मालनबाईच्या हातावर.

कारण मालनबाईची लेक सुकन्या त्या इंजेक्शनवरच तर जगत होती. लहानपणी सांधे सुजून ताप आला. ताप उतरला, पण हृदयाची झडप बिघडवून गेला. दर एकवीस दिवसांनी एक सुई, चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मायलेकी डोंगरातून उतरायच्या, दानीएलकडून बाटली घ्यायच्या आणि समोरच्या दवाखान्यात टोचून घ्यायच्या. चौदा वर्षांची पोर सुईला कधी भ्यायली नाही. दानीएलकाका चॉकलेट द्यायला विसरला तर मात्र फुगून बसायची.

मग एका खेपेला बाटली आलीच नाही. पुढच्या खेपेलाही नाही. सरकारी दवाखान्यात नाही, तालुक्याला अकोल्यातही नाही. दानीएलने संगमनेरच्या छगनशेठला, म्हणजे त्याच्या ठोक व्यापाऱ्याला, फोन लावला.

“अवो, त्या भावात कंपनीचा खर्चबी सुटत न्हाई. बनवील कोन, धर्म म्हनून?” छगनशेठ म्हणाला. “माझ्याकडं दहा-बारा पडल्यात. पन चौपट पडंल. बिल मिळायचं न्हाई.”

“काळाबाजार करता व्हय? लाज कशी वाटत न्हाई?” म्हणत दानीएलने फोन ठेवून दिला.

मालनबाई समोरच उभी होती. “मिळंल ना दादा? जास्त पडलं तरी सांगा. कोंबड्या हायेत घरी, इकते.”

“एक पैसा जास्त द्यायचा न्हाई कुनाला! आपन दिला की ह्यांचं फावतं. सरकारनं भाव बांधलाय तो तुमच्यासाठीच ना? येईल माल. दम धरा.”

तिने दम धरला. शिकल्या-सवरल्या माणसाचं ऐकावं, एवढंच त्या बाईला ठाऊक. चौपट भावाने का होईना, बाटली मिळतेय, हे या शहाण्याने तिला सांगितलंच नाही. तत्त्व म्हणे! अरे, तत्त्व तुझं, पण पोर कुणाची?

दोन महिने असेच गेले. तिसऱ्या महिन्यात सुकन्याचे गुडघे पुन्हा सुजले. बाजाराला आली ती दुकानाच्या पायरीवरच बसली; दोन पायऱ्या चढवेनात, इतकी धाप. दानीएलने चॉकलेट दिलं, ते तिने नुसतं मुठीत धरून ठेवलं. त्याने तिथल्या तिथे छगनशेठला फोन केला. “पाठवा. म्हनाल तो भाव.”

दुसऱ्या दिवशी बाटली एसटीने आली. तोवर पोरीला नाशिकला हलवलं होतं.

पंधरा दिवसांनी मालनबाई एकटीच आली. “गेली, दादा,” एवढंच म्हणाली.

दानीएलने खणातून बाटली काढून काउंटरवर ठेवली. का ठेवली, त्याचं त्यालाच कळलं नाही. “मागवली हुती मी. उशीर झाला.”

“कितीला पडली?”

त्याने सांगितलं. सांगताना त्याला तिच्याकडे बघवेना.

मालनबाईने त्या बाटलीकडे बघितलं. “येवढंच?” ती म्हणाली. “एका कोंबडीत चार आल्या असत्या की ओ.”

दानीएलने बाटली तिच्यापुढे सरकवली.

“ठिवा ती,” मालनबाईने डोळ्यांना पदर लावला. “दुसऱ्या कुनाची पोर येईल, तिला द्या.” पायरी उतरता उतरता ती वळली. “आन् भाव काय आसंल त्यो तिच्या आईला आधी सांगा.”