टपाची घडी

कालिंदीबाई देऊळगावकरांच्या हाताखाली मारुतीचं बॉनेट सहा घड्यांत बसायचं. काठाला काठ लावायचा, मधोमध तळवा फिरवायचा आणि हलकेच ‘श्रीराम’ म्हणायचं. पत्रा कुरकुरत नसे, रंग तडकत नसे. ज्याच्याकडे जायचं त्यानं दोन टोकं धरून ते दोनदा झटकायचं, की झालं पूर्ववत.

त्यांचे यजमान वामनराव जालन्यात जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकत. दारं, बंपर, बॉनेट, सगळं भिंतीला टेकून वर्षानुवर्षं उभं असे. बाहेरगावची माणसं फोन करत, भाडं ऐकलं की ठेवून देत. एकदा कालिंदीबाईंनीच ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन विचारलं, की बॉनेट एवढं हलकं, मग भाडं एवढं कसं?

“वहिनी, काट्यावर हलकंच आहे,” बिल्टी, म्हणजे मालाची पावती, लिहिणारे खैरनार म्हणाले. “पण जागा किती खातं बघा. आम्ही जागेचं वजन लावतो.”

“मग जागा कमी केली तर?”

“बॉनेट काय रुमाल आहे?”

कालिंदीबाई तडक निघाल्या. घरी आल्या, तुळशीला पाणी घातलं आणि बॉनेट सतरंजीवर आडवं घेतलं.

त्यानंतर दुकानातला माल कापडी पिशवीतून जाऊ लागला. एकदा खैरनारांनी घाईत ‘एक नग लुगडं’ असं लिहिलं, तर इंडिकाचं दार परभणीच्या साडीच्या दुकानात जाऊन पोचलं आणि चार दिवस काचेत लागलं. दोन बायकांनी भावही विचारला म्हणे. बढाई मारणं कालिंदीबाईंच्या स्वभावात नव्हतं. पण काउंटरवर पिशवी ठेवताना त्या पदर जरा सारखा करायच्या, आणि रांगेतले लोक बघताहेत ना, हे न बघता बघायच्या.

घड्या काही आपोआप होत नसतात, त्या कुठून तरी याव्या लागतात. आधी कपाटातल्या साड्यांच्या गेल्या. साड्या फळ्यांसारख्या ताठ उभ्या राहिल्या. मग सतरंजीची गेली. मग एका सकाळी घडीची पोळी तव्यावर दुमडेचना.

“आमच्याकडे हल्ली पोळी नसते, पाट वाढतात,” वामनराव शेजाऱ्यांना सांगत. पण खात मुकाट्यानं.

अंबॅसेडरच्या डिकीला कालिंदीबाईंचे गुडघे गेले. मांडी घालता येईना, तेव्हा त्या उभ्यानं पूजा करू लागल्या. ट्रॅक्टरच्या मडगार्डांना कंबर गेली. त्या वर्षी त्यांचा लक्ष नमस्कारांचा नेम चालू होता, पौर्णिमेला उद्यापन होतं. कंबर गेल्यावर त्या ताठ उभं राहून नुसते हात जोडत. देवाला चालत असावं. तशी काही तक्रार आली नाही.

अष्टमीला धडगावहून जयवंती पाडवीचा फोन आला. ती जीप चालवायची. पाड्यांवरच्या अवघडलेल्या बायकांना डोंगर उतरवून दवाखान्यात आणायची. घाटात जीपच्या टपावर दगड पडला होता.

“काकी, तुमच्याकडे टप आहे म्हणतात. पण भाडं टपाच्या तिप्पट सांगतात हो इकडे.”

“सध्या काय करतेस?”

“ताडपत्री बांधते. वळणावर उडते. परवा एक बाई भिजून गार पडली, मीच घाबरले. तशा सगळ्या पोचवल्या अजून. एक वाटेतच बाळंत झाली, तिच्या पोरीला गाडीचं नाव ठेवलंय.”

“टप येईल,” कालिंदीबाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी घर धुंडाळलं. उशांच्या खोळी, पंचांग, वामनरावांचं धोतर. कुठेच घडी शिल्लक नव्हती. वामनराव त्यांच्याकडे बघत राहिले.

“निदान पौर्णिमेपर्यंत थांब,” ते म्हणाले. “हातांची तेवढी राहिलीय. ती गेली तर देवापुढे जोडशील काय?”

“ती पोरगी रोज घाट उतरतेय. पौर्णिमेपर्यंत किती बायका भिजतील?”

“आणि तुझा नेम?”

“हातच तर जोडायचेत,” कालिंदीबाई म्हणाल्या. “जोडतेच आहे की.”

दुसऱ्या दिवशी टप हातगाडीवर टाकून ऑफिसात नेला. बसता येत नसल्यामुळे कालिंदीबाई हातगाडीच्या कडेनं चालत होत्या, ताठ, मिरवणुकीतल्या निशाणासारख्या. अकराचा ट्रक भरत होता. खैरनारांनी टपाला टेप लावला आणि मान हलवली.

“वहिनी, हा नाही व्हायचा. याच्या जागेत माझी वीस पोती बसतात.”

ऑफिसाच्या दारातच जरा मोकळी जागा होती. कालिंदीबाई तिथे उभ्या राहिल्या. दोन हमालांनी टप त्यांच्यापुढे छातीच्या उंचीवर धरला. त्यांनी दोन्ही हात पसरून दोन्ही कडांना तळवे लावले, डोळे मिटले आणि हात जवळ आणू लागल्या. टप आधी अर्धा झाला, मग पाव. तळव्याला तळवा टेकला तेव्हा मध्ये बेलाच्या पानाएवढं काहीतरी होतं. त्या तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. नमस्कार चांगला झाला होता, आजवरच्या सगळ्यांत चांगला. त्यांना ते कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

खैरनारांनी तळव्यांमधून ते पान अलगद काढून काट्यावर ठेवलं. काटा हलला नाही.

“काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“टपच लिहा. लुगडं नको.”

पान निघाल्याबरोबर त्यांचे हात सावकाश दूर झाले आणि टपाच्या रुंदीवर जाऊन थांबले. तिथून ते हलेनात. वामनरावांनी एक हात खाली दाबून पाहिला, मग दुसरा. मग त्यांनी पत्नीचा पदर नीट केला आणि बाजूला झाले.

“वहिनी, दार अडलं,” खैरनार म्हणाले. “ट्रकची वेळ झाली.”

“जाऊ दे ना त्यांना,” कालिंदीबाई म्हणाल्या.

त्या मान ताठ ठेवून समोर रस्त्याकडे बघत होत्या. पहिला हमाल डोक्यावरची पेटी छातीशी घेऊन त्यांच्या उजव्या हाताखालून वाकून बाहेर गेला. त्याच्यामागून दुसरा वाकला. मग रांगेतली माणसं आपापले नग पोटाशी धरून, एकेक करून, खाली वाकू लागली.