डोब्रेनचा फाटा

मोठ्या रेल्वे कंपनीने डोब्रेन गावाकडे येणारा रुळांचा फाटा बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा गावात सगळ्यांत आधी पेटून उठली ती ल्युबा. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या सपाट माळावर आधी रूळ आले, मग धान्याचं लाकडी कोठार, मग चर्च, आणि त्यांच्या मागून युक्रेनची माणसं. तिच्या आजोबांचा पहिला गहू याच फाट्यावरून बंदराकडे गेला होता. मालगाडीखेरीज या रुळांवर कधी काही धावलं नव्हतं, पण तिची शिट्टी ऐकून गावातल्या बाया चुलीवर बटाटे चढवत.

"आपणच विकत घेऊ," ल्युबा म्हणाली.

"आगगाडी म्हणजे काय गाय आहे होय, गोठ्यात बांधायला?" वॉल्टरने विचारलं. आयुष्यभर इंजिन चालवून तो नुकताच घरी बसला होता.

"तुम्ही चालवायला येणार का, तेवढं बोला."

वॉल्टर खाकरला. "येईन की. घरी बसून बायकोची बोलणीच खातोय."

तो अख्खा हिवाळा ल्युबा बर्फातून दारोदार फिरली. प्रत्येक स्वयंपाकघरात कॉफी मिळायची, कोबीचे रोल मिळायचे, आणि सबबीही मिळायच्या. सगळ्यांत जास्त घोळवलं ते तिच्या धाकट्या भावाने, ओरेस्टने.

"ताई, तुला हा कसला नाद लागला?"

"लग्न केलं नाही ना मी, काहीतरी नाद हवाच."

तो हसला आणि त्याने भागीदारीच्या कागदावर सही केली. त्याच्यामागून बाकीच्यांनीही केल्या. वसंतात गावाची पहिली गाडी निघाली, तेव्हा पाद्रीबाबांनी इंजिनावर पवित्र पाणी शिंपडलं आणि वॉल्टर लहान मुलासारखा रडला.

काही वर्षं बरी गेली. मग रुळांखालचे लाकडी ओंडके कुजायला लागले. एक बदलावा तर शेजारचे दोन भुसभुशीत निघत. गाडी इतकी हळू चालायची की बाजूच्या शेतातला ट्रॅक्टर पुढे निघून जाई. दोनदा डबे घसरले. त्यातच हायवेवर परक्या कंपनीने सिमेंटचं भलंमोठं कोठार उभं केलं. आधी एकदोघांनी तिकडे लपूनछपून गहू नेला, मग सगळे उघडउघड नेऊ लागले.

एका शरदात डबे लागले होते आणि भरायला धान्यच नव्हतं. ल्युबा वाट बघत उभी होती. समोरच्या रस्त्याने ओरेस्टचा लाल ट्रक भरून हायवेकडे गेला. तिने हात केला नाही. दुपारी मात्र ती त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"डबे रिकामे उभे आहेत, ओरेस्ट."

"ठाऊक आहे."

"तू भागीदार आहेस."

"शेतकरीही आहे, ताई. तुझी गाडी येणार कधी, पोचणार कधी, कुणी सांगू शकतं? तिकडे ट्रक रिकामा करून मी जेवायला घरी येतो. दोन्हींतलं एकच राहायचं तर काय राहू, तूच सांग ना."

तो खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. निघताना भावजयीने बिटाच्या लोणच्याची बरणी हातात दिली, ती घेऊन ल्युबा परतली.

सरकारी तपासनीसाने नदीवरचा पूल धोक्याचा ठरवला. दुरुस्तीला पैसे नव्हते, मग भागीदारांची सभा बोलवावी लागली. अध्यक्ष ल्युबाच होती, त्यामुळे प्रश्नही तिनेच विचारायचा होता.

"फाटा विकायच्या बाजूने कोण आहे?"

हात वर झाले. वॉल्टरने टोपीकडे बघत वर केला. शेवटी ल्युबानेही केला. आपण एकटीनेच हात खाली ठेवला, तर या माणसांना पुन्हा आपल्या नजरेला नजर देता येणार नाही, असं तिला वाटलं.

रूळ उखडायला लांबून माणसं आली. वॉल्टर सुरुवातीला बघायला जायचा, मग जाईनासा झाला. त्याच हिवाळ्यात तो गेला. लाकडी कोठार एका यंत्राने पाडलं, तेव्हा जुन्या गव्हाची धूळ गावभर उडाली आणि उंदीर सैरावैरा धावले. रुळांची जमीन शेजाऱ्यापाजाऱ्यांना मिळाली. ओरेस्टने आपला तुकडा नांगरून घेतला. पुढे दुकान बंद पडलं, शाळा बंद पडली. ओरेस्टची दोन्ही मुलं कॅलगरी शहरात गेली ती गेलीच.

ल्युबाला काम मिळालं ते हायवेवरच्या कोठारात, ट्रकच्या वजनकाट्यावर. दुसरीकडे कुठे कामच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात ओरेस्टचा ट्रक काट्यावर आला. खिडकीत बहिणीला बघून तो गडबडला.

"ताई... तू इथे?"

"दिसतेय ना."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं होतं?"

त्याने स्टिअरिंगवरून हात फिरवला. "रविवारी जेवायला ये."

"बघते."

"बघते नको, ये. घरात आता दोघंच असतो आम्ही."

"येईन. मागे रांग लागलीय, पुढे घे."

तो पुढे गेला. रविवारी ती गेली, जेवली, पोरांचे फोटो बघून आली. आगगाडीचं नाव कुणी काढलं नाही. सोमवारी सकाळी ती पुन्हा काट्याच्या खिडकीत बसली आणि डोब्रेनचा गहू तोलत राहिली.