कोटाचं तिसरं बटण

आईला शेजारच्या खुर्चीत बसवायचं आणि तिच्याच लग्नाबद्दल तिच्या डोक्यावरून बोलायचं, ही रीत थोरला कुठून शिकला कोण जाणे. घरून निघाल्यापासून त्याचं तेच चाललं होतं. गाडीत फोनवर कुणाला तरी म्हणाला, "आईला त्यातलं काही कळत नाही." वकीलबाईंच्या खोलीत शिरताना म्हणाला, "तिला जरा मोठ्यानं सांगावं लागतं." तिला सगळं ऐकू येत होतं. शाळेत ती दुसरीपलीकडे गेली नव्हती, पण कान काही शाळेनं दिलेले नव्हते.

"म्हणजे लग्न लावणारा माणूस विवाह नोंदणी अधिकारी नव्हताच," वकीलबाई म्हणाल्या.

"कचेरीतला शिपाई होता. साहेब रजेवर आणि हा त्यांच्या खुर्चीत. वडील गेले, इस्त्रीचं दुकान आईच्या नावावर करायचं म्हणून लग्नाचा दाखला मागायला गेलो, तेव्हा उघडकीला आलं. आज त्याच माणसाचे लग्नाचे दोन हॉल आहेत. मी त्याला सोडणार नाही. आमच्या आईला फसवलंय त्यानं."

"दावा लावता येईल. पण त्याला मुदत असते, तीन वर्षांची. आणि ती फसवणूक कळली त्या दिवसापासून मोजतात." वकीलबाई तिच्याकडे वळल्या. पोरगी हुशार दिसत होती, पण कॉलर इस्त्री करणाऱ्यानं पार बिघडवली होती. "आजी, तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्याच महिन्यात," थोरला म्हणाला.

"त्यांना विचारलंय मी."

मागच्या महिन्यात. एवढं म्हटलं की झालं. शिपाई म्हातारपणी पिंजऱ्यात उभा राहिला असता, थोरला महिनाभर छाती काढून हिंडला असता. तिच्या ओठांवर आलंही होतं.

पण तो कोट तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

लग्न लावणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघायची लाज वाटली म्हणून ती सारा वेळ त्याच्या कोटाकडेच बघत राहिली होती. काळा कोट, खांद्यांवरून ओघळलेला. सगळी बटणं काळी आणि तिसरं तपकिरी. पुढच्या वर्षी तोच कोट त्यांच्या दुकानात इस्त्रीला आला, आणि घेऊन येणारा गृहस्थ चांगला आडव्या अंगाचा.

"साहेब, गेल्या वैशाखात आमचं लग्न तुम्हीच लावलंत की. तेव्हा बारीक होतात," ती म्हणाली.

"मी? त्या महिन्यात मी कावीळ होऊन घरी पडलो होतो. कोट तेवढा कचेरीत खुंटीवर होता, शिपायाच्या ताब्यात."

साहेब गेले तशी दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग नवरा जो हसत सुटला तो थांबेना. कोळशाची इस्त्री हातात तशीच. कुणाची तरी बाही थोडक्यात वाचली.

"म्हणजे आपण असेच राहतोय की गं. चल, आत्ताच्या आत्ता खरं करून येऊ."

"आणि हे गठ्ठे कोण करणार, तो शिपाई?"

तेव्हापासून दरवर्षी लग्नाचा दिवस आला की नवऱ्याचं ठरलेलं. यंदा करायचं का खरं? ती म्हणायची, बघू, आधी नीट वागा. थोरला पोटात होता तेव्हा म्हणाली, हे पोट घेऊन उभी राहू होय कचेरीत? विजेची इस्त्री आली त्या वर्षी म्हणाली, इस्त्री नवी आणलीत, आता नवराही नवाच आणीन म्हणते. त्यावर तो आठवडाभर हसत होता. गुडघे धरले, केस गेले, पण विचारणं काही गेलं नाही. शेवटी दवाखान्यात, नाकात नळी असताना, नुसते ओठ हलवून त्यानं विचारलं. ती म्हणाली, आधी उठून बसा.

तो उठला नाही. तिचं 'हो' तेवढं राहून गेलं.

आता मागच्या महिन्यात म्हणायचं, म्हणजे त्यानं हे कधी विचारलंच नव्हतं असं लिहून द्यायचं.

"बाई, आम्हाला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "हा जन्मायच्या आधी. दोघांनाही."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग दावा उभा राहत नाही, आजी."

"नका उभा करू."

जिन्यात थोरला दोन पायऱ्या पुढे होता, धुसफुसत. "एक शब्द बोलायचा होता तुला. मी लोकांना काय सांगू आता? तुझ्यासाठी धावतोय इतके दिवस."

"मला विचारलं होतंस?"

"आईसाठी करायला विचारावं लागतं का?"

ती कठड्याला धरून थांबली. खालच्या मजल्यावरची माणसं वर बघतील एवढ्या आवाजात म्हणाली,

"तुझा बाप घरात असलेल्या बायकोला जन्मभर विचारत राहिला. तू नाक त्याचं घेतलंस, चाल त्याची घेतलीस. विचारायचं तेवढं घेतलं नाहीस."