घ्यायला नकार

रोमानियातल्या क्लुजच्या पार्सल गोदामात पट्ट्यावरून एक तेल ओघळणारं खोकं आलं. आतली बरणी फुटली होती. भाजलेल्या वांग्या-मिरचीचा वास सुटला. वर शिक्का होता, घ्यायला नकार.

"आली बघा आईची माया आल्या पावली परत!" विओरेल खिदळला. "अगं म्हातारे, इटलीत तुझा लेक काय उपाशी मरतोय?"

सगळे हसले. रोदिकाही हसली. खोक्याची निळी दोरी तिनंच घरी आवळून बांधली होती. तेलात भिजलेल्या आपल्या नावावर तिनं पटकन अंगठा फिरवला.

"ताई, तुमचाही लेक तिकडंच ना? तो तरी खातो का?" विओरेलनं तिला विचारलं.

"बोटं चाटून खातो," म्हणत तिनं खोकं कचऱ्यात टाकलं.