हक्कसोड

गुणवंतराव आंघोळ करून आत आले तेव्हा रुखमाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. ती त्यांची थोरली बहीण; आदल्या दिवशी कुरखेड्याहून एसटीनं आली होती, भावासाठी नवे तांदूळ घेऊन. नवरा गेल्यापासून ती लोकांच्या बांधीत धानाची रोवणी करून जगत होती.

गुणवंतराव सरकारी भूवैज्ञानिक. बाप अकाली गेला, तेव्हा रुखमाबाईनं चौथीतून शाळा सोडून कापूस वेचला आणि भावाला नागपूरला शिकवलं. सत्कारांच्या भाषणांत ते हे आवर्जून सांगत.

"बाई, जेवण झालं का भद्रावतीले जाऊ," ते म्हणाले. "हक्कसोडपत्रावर तुझी सही पाह्यजे."

"काऊन रे? बाचं वावर इकून राह्यला का?"

"नाई. बहिणीचं नाव असलं का कागदाले अडचण येते. अन् त्या खारवट जमिनीत हाय तरी काय?"

बेचाळीस मीटरवर कोळशाचा जाड थर होता. तीन महिन्यांपूर्वी त्याच वावराच्या धुऱ्यावर खोदलेल्या बोअरमधला काळा नमुना त्यांनी स्वतः हातात घेऊन पाहिला होता. अहवालही त्यांचाच.

बोअरच्या मशिनी पाहून गावातल्या इतर भावांनीही त्या उन्हाळ्यात बहिणींना बोलावून घेतलं. वाटा मागणारीचं माहेर तुटतं, हे प्रत्येकीला लहानपणापासून शिकवलेलं. रुखमाबाईनं न वाचता सही केली. गुणवंतरावांनी साडीचोळी देऊन तिला गाडीत बसवून दिलं.

वर्षभरात जमीन खाणीत गेली. तिच्या बदल्यातली नोकरी त्यांच्या मुलाला, निकेशला, लागली.

पाच वर्षांनी निवृत्त गुणवंतराव खाणींच्या पुनर्वसन धोरणाच्या समितीवर होते. समितीतल्या तरुण अधिकारी नंदिनी यांनी सूचना मांडली: खाण येण्याच्या तोंडावर ज्यांच्याकडून हक्कसोडपत्रं लिहून घेतली, त्या बहिणींनाही वाटा द्यावा. "घराघरांत भांडणं लागतील," म्हणत गुणवंतरावांनी दोनदा विरोध केला. मग नंदिनींनी गुणवंतरावांच्याच गावात सुनावणी ठेवली आणि बहिणींना बोलावलं. मंचावर बसल्यावर गुणवंतरावांना पहिल्या रांगेत रुखमाबाई दिसली.

"सही करताना खाली कोळसा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?" नंदिनींनी विचारलं.

"नाई," रुखमाबाई म्हणाली. लोक मंचाकडे पाहू लागले, तशी ती घाईनं पुढं बोलली, "माह्या भावाले दोष नोका देऊ. सायेब झाला तरी जमिनीच्या आतलं त्याले कसं दिसन?"

मागे कोणीतरी हसलं. गुणवंतरावांचे कान तापले. ती भांडली असती, तर कायद्याची कलमं त्यांना पाठ होती. या मायेपुढं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. ते उठले. त्यांनी माईक घेतला.

"दिसलं होतं, बाई," ते म्हणाले. "तुले बोलवायच्या तीन महिने आधी."

रुखमाबाई उठून मंचाजवळ आली.

"मांगितलं असतं तं मी तसंच देल्लं असतं," ती हळूच म्हणाली. "खोटं काऊन बोलला?"

गुणवंतरावांनी तिथंच सूचनेला लेखी पाठिंबा दिला आणि खाली पहिलं उदाहरण म्हणून स्वतःचं नाव, वावराचा गट नंबर आणि हक्कसोडपत्राची तारीख लिहिली. गावातले बरेच भाऊ उठून गेले. निकेशनं बापाशी बोलणं टाकलं. रुखमाबाई भावाच्या घरी पाणीही न पिता परतीच्या गाडीत बसली.

ती सूचना धोरणात येईल की नाही, ते सरकार ठरवेल. आपल्या सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव कसं गेलं, हे मात्र ज्याचं त्याला ठाऊक आहे.